मुरलेली तार

वऱ्हाड उतरलं तेव्हा मृण्मयी मगदूम डबा खात होती. चपातीचा घास तसाच हातात धरून तिनं पडद्याकडे पाहिलं. निळसर पांढऱ्या ठिपक्यांचा एक गोळा वरून खाली आला, पिवळ्या ठिपक्यांच्या सपाट रांगांवर टेकला, थरथरला, विस्कटला आणि बघता बघता पिवळ्यांच्या रांगेला रांग लावून नीट बसला. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी अक्षरं उमटली : पंगत बसली. मृण्मयीनं घास तोंडात टाकला.

कोल्हापूरच्या या प्रयोगशाळेत अणूंच्या पुंजक्याला वऱ्हाड म्हणत आणि ज्या धातूवर ते उतरायचं त्याला मांडव. ही नावं कुणी ठेवली ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ती इतकी अंगवळणी पडली होती की प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. कागवाडे परदेशी पाहुण्यांसमोरही 'वऱ्हाड' म्हणून जात आणि मग समजावता समजावता त्यांच्या नाकी नऊ येत.

शे-दोनशे अणूंचा पुंजका दुसऱ्या धातूवर उतरवायचा, तर सगळी मेख वेगात असते. फार हळू सोडला, तर वऱ्हाड रुसून मांडवाच्या दारातच घोळका करून उभं राहतं. बोट फिरवलं तरी निघून येतं. फार जोरात सोडला, तर मांडवच फाडतं आणि पृष्ठभागाला खड्डा पडतो. वेग नेमका साधला, तर टेकण्याच्या धक्क्यानं पुंजका क्षणभर वितळतो, आणि निवता निवता त्यातला एकेक अणू यजमानांच्या रांगेत आपली जागा शोधून बसतो. एवढं सगळं व्हायला सेकंदाचा अब्जावा हिस्साही पुरतो. हे प्रत्यक्ष पाहणं कुणाच्या बापाला शक्य नाही. म्हणून ते संगणकात घडवायचं : प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांची ओढ किती ते काढायचं, त्याला तितकं सरकवायचं, पुन्हा ओढ काढायची, पुन्हा सरकवायचं.

मृण्मयीचा मांडव सोन्याचा होता आणि वऱ्हाड प्लॅटिनमचं. यातून तयार व्हायची होती कानात घालायची तार. आपल्या कानाच्या आत, खोलवर, गोगलगाईच्या शंखासारखं एक वेटोळं असतं. त्यात तार सरकवून मज्जातंतूला विजेचे हलके टोले दिले, की ठार बहिऱ्या माणसालाही ऐकू येतं. असली यंत्रं जुनीच. पण जुन्या यंत्रांची तार जाड. इथली तार केसाहून बारीक होती. ती सोन्याची, कारण सोनं मऊ, वळवावं तसं वळतं. पण शरीरातल्या खारट पाण्यात वीज खेळवली की नुसतं सोनं झिजत जातं, म्हणून त्यावर प्लॅटिनमचा दाणेदार लेप. तो लेप एकेक वऱ्हाड उतरवून चढवायचा.

आणि अशी पहिली तार संग्रामच्या कानात जायची होती. संग्राम म्हणजे मृण्मयीचा नवरा.

एके काळी पश्चिम महाराष्ट्रात कुस्त्यांचं मोठं मैदान भरलं, की निवेदनाला संग्राम मगदूम लागायचाच. हलगी थांबली की त्याचा आवाज सुरू व्हायचा, आणि पैलवानांपेक्षा लोक त्याच्यावर जास्त खूश असायचे. मृण्मयीनंही आधी तो आवाज ऐकला होता, माणूस नंतर पाहिला. मुलगी पोटात असताना त्याला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. वर त्या वेटोळ्यात हाड वाढू लागलं. उजवा कान पुरता बुजला. डाव्यात एक फट उरली होती. जाड तार तिच्यात शिरणं शक्य नव्हतं, बारीक शिरली असती. मात्र एकदा शिरली की हाड तिला असं आवळून धरणार, की पुन्हा काढून दुसरी घालणं नाही. एकच संधी होती. मिरजेच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीखही दिली होती.

मुलगी, ईशानी, आता सहा वर्षांची होती. संग्रामनं तिचा आवाज अजून ऐकला नव्हता.

तो ओठ वाचायचा, आणि वाचण्यात तरबेज होता. पण ओठांचीही एक खोड असते. प, ब आणि म म्हणताना ते सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. त्यामुळे बाबा आणि मामा हे शब्द संग्रामला एकच. मृण्मयीचा भाऊ रणधीर सांगलीहून आला, की घरात नुसता गोंधळ.

त्या रविवारीही तेच झालं. ईशानी दारातून म्हणाली, "बाबा, हे बघ की."

संग्रामनं रणधीरकडे बोट केलं. "जावा मामासाहेब, भाची बोलावतीय."

"तुला बोलावतोय मी," ईशानी म्हणाली. तिथल्या पोरींसारखी तीही स्वतःबद्दल बोलताना 'बोलावतोय', 'जातो', 'येतो'च म्हणायची. मग तिनं आखाड्यात उतरल्यासारखा मांडीवर शड्डू ठोकला. ही तिचीच युक्ती. शड्डूसकट हाक आली, तर ती बाबाला. नुसती आली, तर मामाला.

"अस्सं. मला व्हय," संग्राम गरजला. शेजारच्या गॅलरीतलं कबुतर उडालं. आपला आवाज केवढा लागतो हे त्याला कळत नसे. स्वयंपाकघरातही तो दहा हजारांच्या मैदानासाठी बोलायचा. मृण्मयीनं तळहात खाली दाबून दाखवला, तसा त्यानं आवाज उतरवला. हा तळहात ती दिवसातून किती वेळा दाबायची याची गणती नव्हती.

खोट निघाली ती मृण्मयीच्या हळवेपणामुळे. एरवी ती निघालीच नसती.

प्रयोगशाळेचा प्रोग्रॅम 'पंगत बसली' म्हणाला की थांबायचा. अणू रांगेत बसले, लेप चिकटला, काम झालं. पान वाढून झालं की यजमान निर्धास्त होतो, तशीच सगळ्यांची गत. पुढे पाहायचं म्हटलं तरी पूर्वी ते शक्य नव्हतं. अब्जांश सेकंदाहूनही कितीतरी लहान पावलांनी चालणारं यंत्र एका मिनिटापर्यंतसुद्धा पोचलं नसतं. आता मात्र नवी सोय आली होती. घन धातूतला अणू बहुतेक सगळा वेळ जागच्या जागी थरथरत असतो आणि क्वचित कधीतरी उडी मारून शेजारच्या जागेवर जातो. नवा प्रोग्रॅम मधली सगळी थरथर गाळून एका उडीवरून थेट दुसऱ्या उडीवर जायचा. त्याला एका दुपारात कित्येक वर्षं ओलांडता येत.

मृण्मयीला वाटलं, ईशानी कॉलेजात जाईल तेव्हा बाबाच्या कानातली ही पंगत कशी दिसत असेल ते पाहावं. बस, एवढंच. तिनं हिरवी अक्षरं बाजूला सारली आणि यंत्राला पुढे चालू दिलं.

पहिलं वर्ष ठीक गेलं. दुसऱ्या वर्षी एक पिवळा ठिपका पांढऱ्यांच्या डोक्यावर चढलेला दिसला. मग दुसरा चढला, मग रांगच लागली. पिवळे वर येत होते आणि पांढरे खाली जात होते. पाचव्या वर्षी पृष्ठभागावर प्लॅटिनम औषधालासुद्धा उरलं नव्हतं. वऱ्हाड यजमानांच्या घरात शिरून तळघरात जाऊन बसलं होतं, आणि वर नुसतं सोनं.

कारण तिला लगेच कळलं. सोन्याच्या अणूला उघड्यावर राहायचं फारसं वावडं नसतं. प्लॅटिनमच्या अणूला चहूकडून शेजारी हवे असतात. थोडी ऊब आणि भरपूर वेळ मिळाला की दोघं जागा बदलतात. आणि माणसाच्या कानात ऊबही असते आणि वेळही. म्हणजे पाच वर्षांत सोनं उघडं पडणार, झिजणार, आणि ऐकू येणं विझत जाणार. तार काढता येणार नाही, दुसरी घालता येणार नाही.

तिनं तापमान बदलून पाहिलं, पुंजका लहान-मोठा करून पाहिला. मग गुपचूप कपाटाशी गेली आणि ऊन खारट पाण्यात ठेवलेल्या सगळ्यात जुन्या तारेची तपासणी केली. त्या तारेचा विजेला होणारा विरोध हळूहळू वाढतोय हे सगळ्यांना माहीत होतं. पाण्यात कचरा असेल म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं. तिनं तारेचा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. वरचा थर सोन्याचा होता.

डॉ. कागवाड्यांनी पडदा पाहिला, तुकडा पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चांगले गृहस्थ होते. या तारेसाठी त्यांनी केस पांढरे केले होते.

"थांबवायला लागणार," ते म्हणाले. "सगळीच ऑपरेशनं."

"होय सर."

"नवा लेप शोधून काढायचा, तपासायचा, मंजुरी... वर्ष तर कुठंच गेलं नाही. संग्रामरावांची फट तोवर..."

"दिवाळीपर्यंत राहील म्हणालेत डॉक्टर."

कागवाड्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मिरजेला फोन मी करू?"

"मीच करतो सर," मृण्मयी म्हणाली. एरवी प्रयोगशाळेत ती 'करते' म्हणायची. फार ताण आला की तिच्या तोंडून घरचं बोलणं निघे.

फोन काही तिनं लगेच केला नाही. घरी जाताना तिच्या मनात नको नको ते आलं. हे पाहिलंच नसतं तर? पहिली तार तयार आहे, तारीख ठरली आहे. आज गप्प बसले, तर संग्रामला पाच वर्षं तरी ऐकू येईल. पाच वर्षं काय थोडी आहेत? पण मग तिला त्याचा चेहरा दिसला : पाच वर्षांनी, अकरा वर्षांच्या ईशानीसमोर, आवाज कुठं गेला म्हणून कान चाचपणारा. कान त्याचा आहे, ठरवायचंही त्यानंच, असं तिनं स्वतःला बजावलं आणि दार उघडलं.

संग्राम जेवणाच्या टेबलाशी लिंबं चिरत होता. कानांमुळे मैदान सुटल्यापासून स्वयंपाकघर त्याच्याकडे होतं, आणि लोणच्यात तो कुणाचं ऐकत नसे. समोर मीठ होतं, काचेची बरणी होती. तिचा चेहरा पाहून त्यानं सुरी खाली ठेवली.

"काय झालं?"

मृण्मयी त्याच्या समोर बसली. सरळ सांगून टाकायचं ठरवलं होतं. "संग्राम, तारेवरचं प्लॅटिनम बुडतंय."

त्याच्या कपाळावरची आठी गेली. "मुरतंय?" तो खणखणीत आवाजात म्हणाला. "मग तोंड पाडून काय बसलीयस? मुरू दे की. चांगलं मुरलं की मगच घालूया कानात. कच्चं कशाला घालायचं?"

ओठ वाचणारा माणूस अर्धं डोळ्यांनी वाचतो आणि अर्धं अंदाजानं. समोर लिंबाच्या फोडी होत्या, मीठ होतं. 'बुडतंय'चं 'मुरतंय' झालं. मृण्मयीनं मान हलवली. दुरुस्ती लिहून दाखवायला तिनं टेबलावरची पाटी ओढली, खडू उचलला आणि 'बु' लिहून ती तशीच थांबली.

कच्चं कशाला घालायचं?

प्लॅटिनम आत जातं, जाणारच. त्याला अडवायचं कशाला? कानात जाऊन पाच वर्षांनी मुरण्यापेक्षा इथंच, बाहेर, ऊब देऊन आधीच पुरतं मुरवून घेतलं तर? मग त्या मुरलेल्या थरावर दुसरं वऱ्हाड उतरवायचं. त्याला खाली जायची गरजच काय? खाली त्याचीच माणसं बसलेली असतील.

"मृणे," संग्राम म्हणाला. "काय लिवायलीस ते लिव तरी."

तिनं सगळं लिहिलं. पाटी पुसून पुन्हा लिहिली. आधीचं वाईट ते सगळं, आणि शेवटी आत्ता सुचलेलं. तिला वाटलं होतं तो चिडेल, मैदानातल्यासारखा गरजेल. तो अगदी हळू बोलला, आणि तेच तिला सोसवेना.

"म्हंजे पुढच्या महिन्यात न्हाई."

"आत्ताची तार हवी असेल तर मी डॉक्टरांशी बोलते. पाच वर्षं चालेल. तू ठरव."

"पाच वर्षं." त्यानं बाहेर पाहिलं. ईशानी झोपाळ्यावर उभी राहून काहीतरी गात होती. तिचे ओठ हलत होते. "पोरगी गातीय का बोलतीय गं?"

"गातीय."

"बरं गाती?"

"भसाडं," मृण्मयी म्हणाली, आणि दोघंही हसले, आणि मग तिला रडू आलं.

संग्रामनं लिंबाचे हात पुसले. "मला आज घाल म्हणलं तर आजच घालून घेईन मी तार. खरं सांगतो. पर तू थांब म्हणतीस तर थांबतो. दिवाळीपत्तूर थांबतो. फट बुजली तर मात्र मला समजूत घालू नको कुणी."

"नाही घालणार."

"मग दे मुरू," तो म्हणाला आणि सुरी उचलली.

पुढचे महिने मृण्मयीनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. पहिल्या प्रयत्नात ऊब दिलेलं वऱ्हाड ठरल्याप्रमाणे आत गेलं, पण वर सोन्याची पातळ साय धरली. दुसरं वऱ्हाड त्या सायीवर अलगद उतरलं, छान पंगत करून बसलं आणि हळूहळू सायीतून ओघळून खाली गेलं. सोनं पुन्हा वर. डॉ. कागवाडे म्हणाले, हे काही खरं नाही. मृण्मयी पुन्हा पडद्यापाशी जाऊन बसली. तिला ती साय टोचत होती. आयुष्यभर त्यांनी वऱ्हाडाला सभ्यपणा शिकवला होता : हळू या, मांडव फाडू नका. तिनं वेग वाढवला.

आता वऱ्हाड जरा धसमुसळेपणानं आलं. साय फाडून खाली घुसलं, आणि आत मुरून बसलेल्या पहिल्या वऱ्हाडाला जाऊन भिडलं. प्लॅटिनमनं प्लॅटिनमला धरलं. खालून भक्कम आधार मिळाला, फाटलेली साय बाजूला झाली, आणि वर यायला सोन्याला वाटच उरली नाही. मृण्मयीनं यंत्र पुढे सोडलं. ईशानीचं कॉलेज गेलं, नोकरी लागायचं वय गेलं, पांढरे ठिपके जागचे हलले नाहीत. त्या दिवसापासून प्रोग्रॅम 'पंगत बसली' म्हणून थांबेनासा झाला; ती ओळच तिनं काढून टाकली. तार ऊब देऊन तयार करण्याच्या पायरीला प्रयोगशाळेत 'मुरवणी' नाव पडलं. ते कुठून आलं ते कागवाड्यांनी कधी विचारलं नाही, आणि मंजुरीच्या कागदांवरही ते तसंच गेलं.

खरी तार तयार झाली, कढत खारट पाण्यात तिचे हाल हाल करून पाहिले, ती टिकली. दुसरा इलाज नसलेल्या एका रुग्णासाठी म्हणून मंजुरीही तातडीनं मिळाली. गणपती येऊन गेले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी नव्यानं फट मोजली, ओठ आवळले आणि म्हणाले, "जाईल. पण आता थांबू नका."

तार गेली.

कानातलं यंत्र सुरू करायच्या दिवसाबद्दल मृण्मयीनं मनात फार काही रंगवून ठेवलं होतं, आणि त्यातलं काहीच झालं नाही. संग्राम खुर्चीत बसला, डॉक्टरांनी कळ दाबली, ईशानी "बाबा" म्हणाली आणि संग्रामनं कपाळाला आठ्या घातल्या.

"पत्र्याच्या डब्यात खडं टाकून हलवल्यागत वाटतंय," तो गरजला, आणि स्वतःच दचकला. "हे कोण वरडतंय?"

"तू," मृण्मयी म्हणाली.

"एवढ्यानं बोलतो मी?"

"सहा वर्षं."

त्याचा चेहरा असा काही झाला की डॉक्टरही हसले. मग त्यांनी समजावलं, की मेंदूला हे टोले नवे आहेत, ते ओळखीचे व्हायला वेळ लागेल, महिना, दोन महिने, कदाचित जास्त. मृण्मयीला धीर धरवत नव्हता. ईशानी हिरमुसून खिडकीपाशी गेली. संग्रामनं मात्र शांतपणे मान डोलावली.

"मुरू दे," तो म्हणाला.

दिवाळी झाली. आधी त्याला कुकरची शिट्टी ओळखू आली, मग रिक्षाचा भोंगा, मग कबुतरं. मृण्मयीचा तळहात कधी विसावला ते तिच्याही लक्षात आलं नाही. शब्द मात्र ओठ पाहिल्याशिवाय लागत नव्हते. तो रोज शब्द लावत बसे, चुके, पुन्हा लावे.

लिंबाचं लोणचं मुरलं, त्या दिवशी तो बरणी उघडून वाटीत काढत होता, दाराकडे पाठ करून. ईशानी शाळेतून आली. तिच्या अंगात त्या दिवशी खोडी होती. ती दाराआड उभी राहिली आणि शड्डू न ठोकता, गोड आवाज काढून म्हणाली, "मामा."

संग्रामचा चमचा हवेतच थांबला. तो वळला नाही.

"मामा सांगलीला हाय," तो म्हणाला. "हितं कोण मामा न्हाई. नीट हाक मार."

मृण्मयी ओट्याला धरून उभी राहिली. ईशानी दाराआडून बाहेर आली, सवयीनं तिचा हात मांडीवर जायला उचलला गेला, आणि तिनं तो तसाच खाली घेतला.

"बाबा," ती म्हणाली.

संग्राम वळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "परत म्हण," तो म्हणाला, पण इतकं हळू, की मृण्मयीला ते त्याच्या ओठांवरून वाचावं लागलं.